भजनानंतरचे प्रश्न

मराठी ख्रिस्ती माणसाला ‘तुमचा विश्वास नेमका काय?’ असे विचारले, तर तो सिद्धांत सांगत बसत नाही, गीत म्हणतो. प्रॉटेस्टंट घरांत ‘उपासना संगीत’ बायबलच्या शेजारी असते आणि पुष्कळदा त्याचीच पाने अधिक झिजलेली असतात. त्यातल्या गीतांचा फार मोठा भाग रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. आजीला ती पाठ असतात, नातवंडांना निदान चाली ठाऊक असतात. पण गेल्या दोनशे वर्षांत मराठीत लिहिलेला ईशज्ञानाचा एखादा ग्रंथ सांगा म्हटले, तर पाळकसुद्धा जरा थांबतात. ग्रंथ नाहीत असे नाही. ते सेमिनरीत वाचले गेले, बहुधा परीक्षेपुरते. मंडळीचा विचार घडला तो देवळाच्या बाकावर, टाळ-पेटीच्या साथीने.

या संग्रहाचा विषय नव्या वाचकाला समजावून सांगताना हे आधी सांगणे भाग आहे. मराठी ख्रिस्ती चिंतन हे मुख्यतः उपासनेतून झालेले चिंतन आहे. ख्रिस्ती होऊन मराठी राहता येते का, या प्रश्नाचे उत्तर त्याने ओवीत, अभंगात, कीर्तनात दिले. आणि ते इतके उत्तम दिले की आज तो प्रश्न कुणी गंभीरपणे विचारत नाही, विचारलाच तर राजकारणासाठी विचारतो. पण एकत्र गाणाऱ्यांनी एका पंक्तीला बसावे का, एकमेकांकडे मुली द्याव्यात का, कबरस्तानात शेजारी निजावे का, हे प्रश्न भजन संपल्यावरचे. त्यांना चाल लागत नाही. आपल्या ख्रिस्ती चिंतनाचे बळ आणि त्याची उणीव ही एकाच जागची आहेत असे माझे मत आहे, आणि या पुस्तकाची जुळणी त्या मतातूनच झाली आहे.

आधी थोडी माणसांची ओळख. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही पुरा नाही. एवढ्या लहानशा आकड्यात किती समाज कोंबलेले आहेत हे बाहेरच्यांना सहसा कळत नाही. वसईचे सामवेदी आणि वाडवळ कॅथलिक हे पोर्तुगीज काळातले. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली, किल्ल्यावरचे निशाण बदलले तरी गावांतली देवळे टिकली. मुंबईचे ईस्ट इंडियन कोळी, आगरी, शेतकरी त्याच काळाचे, पण त्यांची वाट वेगळी. अहिल्यानगर, जालना, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात बहुसंख्य मंडळी महार आणि मांग घराण्यांतून आलेली. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या सुमारास येथे गावेच्या गावे बाप्तिस्म्यासाठी पुढे आली. मिरज-कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन, नागपुरात स्कॉटिश, नाशिकला चर्च मिशनरी सोसायटी. आणि मग पुण्या-मुंबईची मूठभर ब्राह्मण घराणी. संख्येने सर्वांत कमी, पण वाङ्मयाच्या इतिहासात सर्वांत जास्त पाने त्यांचीच. ही विषमता लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

सुरुवात गोव्याहून होते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि उरलेले आयुष्य त्याने बहुतांशी साष्टीत काढले. तो आला तेव्हा तेथील देवळे पाडून झाली होती आणि इन्क्विझिशन १५६० पासून सुरू होते. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले आणि त्याचा सूड पोर्तुगीजांनी क्रूरपणे घेतला. अशा मुलखात बसून या माणसाने सुमारे ११,००० ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ मध्ये ते राचोलला छापले गेले, तेही रोमी लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा निघाले. त्या छापील आवृत्त्यांच्या प्रती आज हाती नाहीत. हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला निघालेल्या आवृत्तीपासून ते पुन्हा वाचकांपुढे आले.

आपल्या शाळा-कॉलेजांत ‘ख्रिस्तपुराण’ म्हणजे मराठीची थोरवी गाणाऱ्या चार-दोन ओव्या. त्या ओव्यांपलीकडे जाण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही आणि हे मला मराठीच्या अभिमानाचे नव्हे, आळसाचे लक्षण वाटते. स्टीफन्सचे खरे कर्तृत्व पुराणाच्या बांधणीत आहे. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात नवा. आणि सांगणाऱ्यापुढे प्रश्न विचारणारे श्रोते बसलेले. ते श्रोते नुसते माना डोलावत नाहीत. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, आता संध्याकाळी आम्ही काय ऐकायचे, अशा आशयाच्या मागणीतूनच ग्रंथाचा उगम झाल्याचे तो स्वतः सांगतो. मराठी ख्रिस्ती साहित्याचा पहिला मोठा ग्रंथ हा असा बंदीने पाडलेल्या पोकळीत जन्मला. ज्या सत्तेने जुन्या पोथ्या जप्त केल्या, तिच्याच छत्राखाली नवी पोथी लिहिली गेली. हे लपवून स्टीफन्सचा गौरव करणे जसे खोटे, तसे एवढेच सांगून त्याची ओवी बाजूला सारणेही खोटे. पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. म्हणजे ज्या भाषेत त्यांनीच धर्म शिकवला, तीच त्यांच्या सरकारला धोक्याची वाटू लागली. तरी उपवासकाळात ते पुराण लोक गातच राहिले. स्टीफन्सच्या मागून एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरवर ओवीबद्ध ग्रंथ लिहिला. त्याची आठवण अभ्यासकांपुरती उरली आहे.

मधली दीडशे वर्षे सोडून आपण एकदम मुंबईत येतो. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले, १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे केले. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आले. येथून जो काळ सुरू होतो त्याला वादाचा काळ म्हणता येईल. मोरभट दांडेकरांनी विल्सनना उत्तर देणारे पुस्तक लिहिले, विल्सननी त्याला उत्तर दिले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. हे वाङ्मय मी बरेच वाचले आहे आणि ते कंटाळवाणे आहे हे कबूल करायला हरकत नाही. दोन्ही बाजू वकिलासारख्या बोलतात. दुसऱ्याच्या ग्रंथातले सर्वांत वाईट आणि आपल्यातले सर्वांत चांगले समोर ठेवून न्याय मागतात. पण या भांडणातून मराठी गद्य तासले गेले. १८४२ मध्ये अहमदनगरला निघालेले ‘ज्ञानोदय’ धर्माबरोबर ज्योतिष, भूगोल, रेल्वे, सतीची चाल अशा कशावरही लिहीत असे.

या वादाच्या धगीतून बाहेर आलेल्या तीन माणसांकडे मात्र वाचकाने थांबावे. नीलकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले. षड्दर्शनांचे खंडन करणारा हा माणूस आयुष्यभर स्वतःच्या शंकांशीही तेवढ्याच निकराने झुंजला. बाबा पद्मनजी बेळगावचे. १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे हाल कादंबरीत आणले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिची नोंद होते. मला त्यांचे ‘अरुणोदय’ (१८८८) हे आत्मचरित्र अधिक मोलाचे वाटते, कारण त्यात श्रद्धा बदलताना घरातले स्वयंपाकघर, मित्र, ग्रंथ, भीती सगळे कसे बदलते हे आतून दिसते. तिसरे नारायण शेषाद्री. १८४३ मध्ये ते ख्रिस्ती झाले. त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतला, परत जातीत घ्यावे की नाही यावरून मुंबईत केवढा गहजब झाला हे बाळशास्त्री जांभेकरांच्या चरित्रात येतेच. पण मोठ्या भावाचे पुढे काय झाले ते कुणी सांगत नाही. त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले आणि मुख्यतः मांग कुटुंबांत काम केले. वाङ्मय थोडे, काम मोठे, म्हणून विस्मृती मोठी.

याच काळात चर्चच्या बाहेरून एक विचार आला, आणि तो चर्चने ऐकायला हवा होता. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) येशूला बळिराजाच्या रूपात पाहिले. त्यांना त्रैक्याशी किंवा प्रायश्चित्ताच्या सिद्धांताशी कर्तव्य नव्हते. शूद्रातिशूद्रांच्या बाजूने उभा राहिलेला आणि त्यासाठी मारला गेलेला राजा त्यांना दिसला. पाळकांना हे अर्धवट वाटले असेल. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातले मराठीतले सर्वांत धीट ख्रिस्तचिंतन एका ख्रिस्ती नसलेल्या माणसाने केले.

पंडिता रमाबाईंविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण बहुधा समाजसुधारक म्हणून. त्यांचा धर्मविचार मागे राहतो. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर लगेचच ज्या सिस्टरांनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच त्यांचा पत्रव्यवहार तापला. क्रुसावर लॅटिन अक्षरे का? मला न पटलेला सिद्धांत बिशप सांगतात म्हणून मी का मानावा? सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेली ती पत्रे पुढे ए. बी. शहांनी संपादित केली. ती वाचताना जाणवते की सदसद्विवेक आणि अधिकार यांच्यातला हा झगडा युरोपातल्या धर्मसुधारणेची नक्कल नव्हे. हिंदू पंडितांपुढे ज्या बाईने मान वाकवली नाही तीच बाई इंग्रज पंडितांपुढे वाकवायला तयार नव्हती. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी सबंध बायबल सोप्या मराठीत आणले, आश्रमातल्या मुलींनीच ते जुळवले-छापले. १९२२ मध्ये काम पुरे करून त्या वारल्या. त्याच केडगावात १९०५ मध्ये जे आध्यात्मिक जागरण झाले, रडणे, मोठ्याने प्रार्थना, अन्य भाषा, त्याचा धागा आजच्या पेंटेकॉस्टल सभांपर्यंत येतो. तर्काने बिशपांना निरुत्तर करणारी विदुषी आणि ही भावनेची लाट एकाच अंगणात कशी नांदली, हे कोडे अभ्यासकांना अजून पुरते सुटलेले नाही.

आणि टिळक. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी आल्या. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे ते सांगत आणि त्यांच्या अभंगांत ते ऐकूही येते. ख्रिस्ती कीर्तनाचा सगळा मान त्यांना देण्याची रीत पडली आहे, ती मात्र बरोबर नाही. अहमदनगरच्या मिशनमध्ये त्यांच्या आधीपासून कीर्तने होत होती. टिळकांनी त्यांना काव्य दिले. परकी चाल, परका वेश, परका पगार यांना ते कंटाळत गेले आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ भरवला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही चालत. चर्चच्या दाराशी उभे राहून आत-बाहेर ही रेघच पुसू पाहणारा हा प्रयोग होता. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार विसकटला. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

कवी टिळक, पण विचारवंत लक्ष्मीबाई, असे मी म्हटले तर काहींना ते आवडणार नाही. ‘स्मृतिचित्रे’ विनोदासाठी वाचली जातात. त्यांतल्या सोवळ्या-ओवळ्याच्या आठवणी मात्र नीतिविचार म्हणून वाचून पाहा. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून या बाईंनी जात टाकली नाही. त्या स्वतःशी भांडल्या, पाण्याच्या तांब्यापाशी अडल्या, देवाने केले काय आणि माणसाने केले काय याचा निवाडा त्यांनी आपल्याच डोक्याने केला, आणि मग टाकली ती कायमची. बाप्तिस्मा त्यानंतरचा. आपल्याकडच्या बहुतेक ख्रिस्ती घरांत हा क्रम उलटा झाला. बाप्तिस्मा आधी, आणि जातीचा निवाडा अजून राहिलेला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिशनऱ्यांचाही सूर पालटला. जस्टिन ॲबट यांनी एकनाथ, तुकाराम, महिपती इंग्रजीत नेले. निकोल मॅक्निकल यांनी संतांचे अभंग भाषांतरित केले. खंडनासाठी संत वाचणारी पिढी गेली आणि ऐकण्यासाठी वाचणारी आली. जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला आणि तो पुढे पुण्यात स्थिरावला. खादी, जमिनीवरची बैठक, आश्रमाची दिनचर्या हे त्यातून आले. व्हेरिअर एल्विन भारतात आले ते याच संघातून. कॅथलिकांकडे हे वारे उशिरा पोचले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिन मिस्सा मराठीत आली आणि मग वसईपासून पुण्यापर्यंत भजने, आरत्या, समया देवळात दिसू लागल्या. पुण्याच्या स्नेहसदनात फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी हिंदू शेजाऱ्यांशी संवादाची बैठक घातली. प्रॉटेस्टंटांनी १९७० मध्ये नागपुरात अनेक पंथ मिळवून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे केले. कारभार एक झाला. मने किती एक झाली ते ज्याच्या त्याच्या अनुभवावर सोडतो.

या सगळ्या परंपरेला अलीकडे सर्वांत मोठे व्यासपीठ मिळाले ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यामुळे. ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी वसईच्या धर्मग्रामांबाहेरच्या वाचकापर्यंत नेले, ‘सुबोध बायबल’ लिहिले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पण मला त्यांचे वेगळे ऋण वाटते. वसईतले पाणी टँकरने उपसून नेले जात होते आणि बागायतीवर बिल्डरांचा डोळा होता, तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते हरित वसईच्या लढ्यात रस्त्यावर उतरले. पोप फ्रान्सिस यांचे पर्यावरणावरचे परिपत्रक २०१५ चे. आमच्याकडे तो विचार विहिरीच्या काठी पंचवीस वर्षे आधी करून झाला होता, आणि कुणा दैवी पुस्तकाचा आधार शोधत न बसता झाला होता.

एवढा इतिहास सांगून झाल्यावर मी ज्या उणिवेचा उल्लेख केला तिच्याकडे वळतो. संस्कृतीशी जुळवून घ्यायचे म्हणून आपण अभंग घेतला, कीर्तन घेतले, समई घेतली. हलगी घेतली का? ज्या समाजातून बहुसंख्य मंडळी आली त्यांचे वाद्य हलगी, त्यांचा गीतप्रकार पोवाडा, त्यांची दैवते मरीआई-लक्ष्मीआई. ‘मराठी संस्कृती’ म्हणून चर्चमध्ये जे आले ते बरेचसे ब्राह्मण धर्मांतरितांच्या आवडीचे होते. हा आक्षेप नवा नाही, दलित ख्रिस्ती लेखक तो अनेक वर्षे घेत आहेत. पण त्याला एक पोटआक्षेपही आहे. हलगी पुष्कळांनी आपणहून टाकली, कारण ती वेठीची होती. ती वाजवणे म्हणजे गावाने नेमून दिलेली जागा मान्य करणे होते. ख्रिस्ती होणे म्हणजेच ती हातातून खाली ठेवणे. तिला आता संस्कृती म्हणून परत आणा असे सांगणारे बहुधा तिच्या वेठीतून कधी गेलेले नसतात. या प्रश्नाला सोपे उत्तर नाही आणि संग्रहातल्या दोन लेखांनी दोन विरुद्ध बाजू घेतल्या आहेत.

अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात केलेल्या भाषणापासून दलित ईशज्ञान हा स्वतंत्र प्रवाह मानला जातो. उच्च जातींतून आलेल्यांनी वेदान्ताशी संवाद साधत भारतीय ईशज्ञान रचले, त्यात बहुसंख्य ख्रिस्ती लोकांचे दुःख कुठेच नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. इंग्रजीत या प्रवाहाचे ग्रंथालय झाले. मराठीत अजून एक फळीही भरत नाही. आंबेडकरांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर जे लिहिले-बोलले, चर्चमध्येही जात टिकली आणि ख्रिस्ती समाज आपल्या राजकीय हक्कांविषयी उदासीन राहिला, त्याला मराठी ख्रिस्ती लेखकांनी द्यायचे उत्तर बहुतांशी देणे बाकी आहे. १९५६ च्या बौद्ध धर्मांतरानंतर महारवाड्यात जे बदलले त्याच्या शेजारी राहून ख्रिस्ती वस्तीने काय पाहिले, काय वाटून घेतले, कशाची ईर्षा केली, यावर तर कथा-कादंबऱ्याही थोड्याच.

आता एक प्रश्न जरा सविस्तर मांडतो, कारण त्यात श्रद्धा, कायदा आणि नीती यांची गाठ अशी पडली आहे की कुठलेही एक टोक ओढून ती सुटत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. परिणाम असा की असंख्य घरांत कागदावर एक धर्म आणि कपाटातल्या बायबलवर दुसरा. शाळेच्या दाखल्यावरचे नाव वेगळे, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतले वेगळे. मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश त्या दाखल्यावर अवलंबून. हे खोटे बोलणे आहे का? कडक मताचे पाळक म्हणतात, होय, आणि ख्रिस्ताला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राची गोष्ट सांगतात. दुसरी बाजू म्हणते, जातीचा चटका आमच्या अंगावर बाप्तिस्म्यानंतरही तसाच आहे, तो नाकारणारा कायदाच खोटा आहे, आणि खोट्या प्रश्नाला खरे उत्तर देण्याचे बंधन नाही. तिसरे, ज्यांना या दाखल्याची कधी गरज पडली नाही असे सुस्थित ख्रिस्ती, ते गप्प राहतात. आणि माझ्या मते या तिघांत सर्वांत जास्त जाब त्यांनाच विचारायला हवा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे आहे, २०२२ मध्ये केंद्राने आयोगही नेमला. निकाल कसाही लागो, दरम्यानच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत माणसांच्या मनावर जे झाले त्याचे चिंतन कोर्ट करणार नाही. ते मंडळीने करायचे आहे.

स्त्रियांविषयीही असेच. भारतीय ख्रिस्ती घटस्फोट कायदा १८६९ चा. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे कारण पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. हे २००१ मध्ये बदलले. सव्वाशेहून अधिक वर्षे हा कायदा मराठी ख्रिस्ती बायकांच्या डोक्यावर होता. त्या काळात रमाबाईंचा पुतळा करून आपण त्यांना पूजले, पण कायदा बदला म्हणून आपल्या मासिकांनी किती अग्रलेख लिहिले? फार नाहीत, असे जुने अंक चाळताना दिसते.

मग हे आत्ताच का? एक कारण सरळ आहे. धर्मांतराच्या बातम्यांच्या गदारोळात ख्रिस्ती माणूस फक्त आरोपी किंवा बळी म्हणून दिसू लागला आहे. विचार करणारा शेजारी म्हणून तो दिसत नाही. दुसरे कारण आतले. शहरांतल्या तरुण मंडळ्या हिंदी-इंग्रजी गीतांकडे वळल्या आहेत, गिटार आणि पडद्यावरच्या ओळी आल्या आहेत. त्याबद्दल नाक मुरडणे मला जमत नाही. पेटीही कधी काळी परकीच होती. पण ज्या विचाराचे घर गीतात होते, त्याचे गीत बदलले की विचार बेघर होतो. तो निबंधात, लेखात, वादात कुठे तरी उतरवून ठेवायला हवा. तिसरे, रुग्णालये. मिरजेत वानलेस यांनी उभी केलेली वैद्यकसेवा, जामखेडला १९७० पासून रजनीकांत आणि मॅबेल आरोळे यांनी निरक्षर बायकांच्या हाती दिलेले गावाचे आरोग्य, ही आपली कृतीतली नीती. आज त्याच परंपरेतल्या डॉक्टर-नर्सपुढे व्हेंटिलेटर कधी काढायचा हा प्रश्न आहे. अरुणा शानबाग यांच्या खटल्याचा निकाल २०११ चा, सन्मानाने मरण्याच्या हक्काचा २०१८ चा. चर्चची शिकवण जीव घेऊ नका म्हणते आणि निरर्थक उपचार लादू नका असेही म्हणते. या दोहोंमधली अरुंद जागा मराठीत नीट आखून दाखवणारे लेखन हवे होते.

हा संग्रह त्या जागेत उतरण्याचा प्रयत्न आहे. यात स्टीफन्स, रमाबाई, टिळक आहेत, पण स्मारक म्हणून नाहीत. प्रत्येक लेखकाला त्यांच्याशी भांडण्याची मुभा होती आणि बहुतेकांनी ती घेतली. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, पेंटेकॉस्टल आणि चर्च सोडलेले असे सगळे लिहिणारे आहेत. पंथांच्या परिभाषा आम्ही एकसारख्या केल्या नाहीत. एका लेखात मिस्सा असेल, दुसऱ्यात प्रभुभोजन, वाचकाने तेवढे सांभाळून घ्यावे. पाळकांपेक्षा पाळक नसलेल्यांचे लेख जास्त आहेत, हे मुद्दाम. शिक्षिका, नर्स, वकील, निवृत्त कारकून यांनी रविवारच्या प्रवचनात ऐकलेले आठवडाभराच्या कामात कसे टिकते किंवा टिकत नाही हे लिहिले आहे. काही लेख अवघड आहेत. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेवरचा लेख आधी वाचला तर सोपे जाईल. हिंदू-ख्रिस्ती भाविकांची ती गर्दी एवढ्या सैद्धांतिक प्रश्नांना आपल्या परीने आधीच उत्तरे देऊन बसली आहे.

जे यात नाही तेही सांगतो. गोव्यातले आजचे ख्रिस्ती चिंतन मुख्यतः कोकणीत होते, त्याला येथे हात घातलेला नाही. नवापूरकडच्या मावची आणि इतर आदिवासी मंडळ्यांचे लेखनही नाही. त्यांची उपासना त्यांच्या बोलीत चालते. त्यांच्याकडून आलेला मजकूर मराठी करून छापावा का यावर संपादकांत दोन तट पडले. मराठी केल्याशिवाय वाचक मिळणार नाही, असे एक तट म्हणत होता. साष्टीपासून आपण हेच करत आलो, असे दुसरा. शेवटी तो मजकूर मूळ बोलीसह, शेजारी मराठी देऊन, वेगळा छापायचे ठरले आहे. त्याची जुळणी सुरू आहे.